पंचवीसच्या नोटेवरचा माणूस

संपादक साहेब, नमस्कार.

माझा भाचा मॉरिशसला फिरून आला आणि 25 रुपयांची नोट दाखवायला घेऊन आला, म्हटलं हा चिनी चेहऱ्याचा चष्मेवाला आजोबा कोण, बाजूला देवनागरी पण लिहिलेली! तर ते निघाले सर ज्याँ मोइलिन आ-च्युएन. एबीसी नावाच्या दुकानापासून धंदा वाढवला, पुढे त्यांच्या ग्रुपने निसानच्या गाड्याही विकल्या, आणि हे साहेब तिथल्या चिनी वस्तीच्या वतीने विधिमंडळात बसले, मंत्री पण झाले. (आपल्याकडे शोरूमवाला आमदार झाला की आधी जमिनीचीच चर्चा सुरू होते, असो.)

मला गंमत वाटली ती तिथल्या ‘बेस्ट लूजर’ पद्धतीची. 62 जण निवडून येतात आणि वर जास्तीत जास्त 8 जागा हरलेल्यांतून भरायच्या, कुठला समाज कमी पडला ते बघून. चिनी समाज तिथे स्वतंत्र गट, आपले मराठी मात्र हिंदूंमध्येच मोजले जातात. पण हिशोब अजून 1972 च्या जनगणनेवर! इतक्या जुन्या आकड्यांवर जागा वाटणं मला काही पटत नाही.

– एक नियमित वाचक