पित्ताच्या गोळीआड दडलेला जठराचा कर्करोग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी वृत्तपत्रांतून आता बऱ्यापैकी लिहिले जाते आणि सरकारी तपासणी मोहिमाही याच तिघांभोवती आखलेल्या असतात. जठराच्या कर्करोगाचे नाव मात्र ओळखीपाळखीत कोणाला तो झाला तरच कानावर पडते. २०२२ मध्ये जगभरात या आजाराचे साडेनऊ लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले आणि साडेसहा लाखांहून अधिक मृत्यू झाले. मी मिरजेत औषधांचे दुकान चालवतो आणि दुकानातून या आजाराची जी बाजू दिसते, तिच्याविषयी हे पत्र आहे.

या कर्करोगाची सुरुवात बहुधा मुकी असते. पुढे जी लक्षणे दिसू लागतात, म्हणजे जेवणानंतरचा जडपणा, छातीत जळजळ, थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटणे, त्या सर्वांना आपल्याकडे ‘पित्त’ हे एकच नाव आहे. गिऱ्हाईक कोपरा कापलेली रिकामी स्ट्रिप पुढे करते आणि ‘हीच द्या’ म्हणते. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल यांसारख्या या गोळ्या कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, पण तो नियम किती पाळला जातो हे सांगायला माझी गरज नाही. साठीच्या पुढच्या एका गृहस्थांना मी चिठ्ठी मागितली, तेव्हा गोळी आठ महिने रोज चालू असल्याचे कळले आणि त्यांच्या कमरेचा पट्टा नव्याने पाडलेल्या भोकात अडकवलेला दिसला. खरी धास्ती इथेच आहे. आम्ल कमी झाले की कर्करोगाचा व्रणही काही काळ वरवर भरून येऊ शकतो, दुखणे थांबते आणि रुग्णाला गोळी लागू पडली असे वाटते.

वजन आपोआप उतरणे, घास अडकणे, वारंवार उलट्या, डांबरासारखी काळी शौचास होणे किंवा कारण न सापडता हिमोग्लोबिन घटणे, यांपैकी काहीही असेल तर आणखी एका स्ट्रिपने भागत नाही; दुर्बिणीची तपासणी, म्हणजेच एंडोस्कोपी, करून घ्यायला हवी. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले आणि हटत नसलेले ‘पित्त’ हेही तपासणीला पुरेसे कारण आहे; आईवडील वा भावंडांपैकी कोणाला हा आजार झाला असेल, तर त्याहून आधीच सावध व्हावे. घशात बधिर करणारा फवारा मारून केलेली ही तपासणी काही मिनिटांत आटोपते आणि संशयित जागेचा तुकडा त्याच वेळी काढून घेता येतो. लोक तिला उगाचच शस्त्रक्रियेइतके घाबरतात.

कारणांपैकी सर्वांत मोठे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना त्याच्या शोधाबद्दल २००५ मध्ये नोबेल मिळाले. भारतात तो असंख्य लोकांच्या जठरात असतो आणि त्यांतल्या फार थोड्यांना कर्करोग होतो, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र डॉक्टरांनी उपचार दिला तर तो पुरा करावा. दोन आठवड्यांचा कोर्स लिहिलेला असताना ‘चार दिवसांच्याच द्या, बरे वाटले तर बघू’ म्हणणारे आम्हाला नेहमी भेटतात, आणि अर्धवट औषधाने जिवाणू तेवढा निर्ढावतो. तंबाखू, धूम्रपान आणि अति खारवलेले पदार्थ यांनीही धोका वाढतो.

रोग जठराच्या आतल्या अस्तरापुरता असेल, तर योग्य रुग्णांत पोट न उघडता दुर्बिणीतूनच तेवढा भाग सोलून काढता येतो. दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी तपासणीची राष्ट्रीय सोय असल्याने असे लवकर सापडणारे रुग्ण तिथे बरेच असतात आणि त्यांतील बहुतेक बरे होतात. रोग खोल गेलेला असला तरी आज हात टेकण्याची वेळ आलेली नसते. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर केमोथेरपी, जठराबरोबर भोवतालच्या लसिकाग्रंथी काढणे, गाठीत हर-२ हे प्रथिन जास्त आढळल्यास त्यावरच नेम धरणारे ट्रॅस्टुझुमॅब हे औषध, काही रुग्णांत शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारी इम्युनोथेरपी, अशी साधने आता हाताशी आहेत. म्हणून बायोप्सीत, म्हणजे तपासणीसाठी, काढलेल्या तुकड्यावर हर-२सारख्या चाचण्या झाल्या का, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना जरूर विचारावे. संपूर्ण जठर काढलेली माणसेही थोडे थोडे पण अनेकदा खाऊन आणि बी-१२ची इंजेक्शने घेऊन हिंडती-फिरती राहतात.

मिझोरमसारखी राज्ये सोडली तर भारतात या रोगाचे प्रमाण कोरियाच्या मानाने कमी आहे, त्यामुळे सरसकट सर्वांच्या तपासणीचा आग्रह मी धरत नाही. माझी मागणी मर्यादित आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांना मिळतो. त्याआधीची बाहेरून करून घेतलेली एंडोस्कोपी बहुतेकांना पदरमोड करून करावी लागते आणि नेमकी तीच पुढे ढकलली जाते. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत आठवड्यातला एक दिवस या तपासणीसाठी राखून ठेवावा, वर सांगितलेली लक्षणे असलेल्या रुग्णाला गावातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर थेट तारीख मिळावी आणि ती तारीख दोन आठवड्यांच्या आतली असावी, एवढी व्यवस्था सार्वजनिक आरोग्य विभागाने करावी.

– एक औषधविक्रेता, मिरज