बेथच्या माहेरची भांडी

मालवण

प्रिय विन्या,

तू सांगितलेला 'ही इज जस्ट नॉट दॅट इन्टू यू' पाहिला एकदाचा. उशीर झाला म्हणून शिव्या घालू नकोस. इथे जत्रांचा हंगाम आहे, दशावताराच्या जागरणांतून डोळे उघडे राहतील तर सिनेमा बघणार ना!

'आयुष्य सुधारा' छापाच्या पुस्तकावर सिनेमा निघतो कसा, हेच मला आधी कळेना. ग्रेग बेहरेन्ट आणि लिझ टुसिलो यांच्या २००४ च्या त्या पुस्तकात गोष्टच नाही. बायकांना एकच सुनावणं: तो फोन करत नाही ना, मग त्याला तू आवडत नाहीस, उगाच त्याच्या वतीने सबबी शोधू नकोस. आपल्या दशावतारात कथा ठरलेली असते आणि संवाद नट आयत्या वेळी जुळवतात. इथे नेमकं उलटं, संवाद तयार आणि कथेचा पत्ता नाही. २००९ साली दिग्दर्शक केन क्वापिसने मग बाल्टिमोरमधली आठ-नऊ माणसं घेतली, कोणी एका ऑफिसातली, कोणी दुकानाच्या रांगेत भेटलेली, आणि प्रत्येकाच्या गळ्यात एकेक धडा बांधला.

गंमत अशी की धडा जिथे लागू पडत नाही तिथेच सिनेमा जिवंत होतो. बेथ आणि नील घे. सात वर्षं एकत्र, पण नील लग्नाचं नाव काढत नाही. पुस्तकाच्या हिशेबाने गडी बाद! बेथ त्याला सोडते. पुढे तिचे वडील आजारी पडतात. बहिणींचे रीतसर लग्नाचे नवरे टीव्हीसमोर लोळत पडलेले आणि नील आत मुकाट्याने भांडी घासतोय. आमची आई मागे वाटाणे सोलत बसली होती. इंग्रजीचं अक्षर तिला कळत नाही, पण तेवढ्यात म्हणाली, "लगीन झाला नाय तरी जावय ह्योच खरो!" मी सिनेमा थांबवून हसलो.

आणि मग त्या शहाण्याने अंगठी काढली. आई खूश, मी वैतागलो. एवढं छान जमलेलं असताना काय गरज होती रे? पुरुषांच्या फोनची वाट बघत बसणाऱ्या गिगीचंही तेच. बारवाला ॲलेक्स तिला बजावतो की तू अपवाद नव्हेस, नियमच आहेस. शेवटी तोच तिच्या दारात येऊन तिला आपला अपवाद म्हणतो. पुस्तकावर सरळ बोळा फिरवला. तिकीटबारीवर नजर असली की असंच व्हायचं.

जॅनिनचं मात्र कोणी गोड केलं नाही. नवऱ्याने दुसरीचं कबूल केलं, तरी ती संसार सावरायला बघते. पण त्याने चोरून ओढलेल्या सिगारेटींचा माग लागतो तेव्हा आरसा फोडते. जेनिफर कॉनेलीने तो राग काय दाखवलाय! पुढे नवरा घरी येतो तर जिन्यावर त्याचं सामान, सोबत सिगारेटचा अख्खा खोका आणि घटस्फोटाची मागणी.

वहिनींना हे कसं वाटलं ते विचारून कळव. आमची ही म्हणते, तो खोकासुद्धा द्यायला नको होता.

तुझा,
बाळ्या