कामट्यांचा कंदील

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

यंदा दिवाळीचा कंदील घरीच करणार म्हणालास, फार बरं वाटलं. घडीचा पुठ्ठ्याचा कंदील दोन मिनिटांत उघडतो खरा, पण कामट्यांवर ताणून बसलेल्या पतंगी कागदातून जो मऊ उजेड झिरपतो, तो त्याला नाही.

बुरूडआळीतून कामट्या आण. 9 इंचांचे 24 तुकडे, सगळे एकाच जाडीचे. पेर आलेला तुकडा घेऊ नकोस, तो तिथेच मोडतो. पॉलिश पेपरने घासून घे, नाहीतर कुसळं बोटात जातात. चार-चार कामट्या दोऱ्याने बांधून सहा चौकोन कर. एक वर, एक खाली आडवा, मधले चार टोकावर उभे. कोपऱ्याला कोपरा बांधत गेलास की मधले आठ त्रिकोण आपोआप तयार होतात.

खरी मेख पुढेच आहे. त्रिकोण हलत नाही. चौकोन मात्र कलंडून शंकरपाळ्यासारखा होतो. म्हणून कागदाला हात लावण्याआधी प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण मोज. दोन्ही पावणेतेरा इंच भरले पाहिजेत. वरच्या आणि खालच्या चौकोनात कर्णावर एकेक वेगळी, कर्णाएवढी लांब कामटी बांध, गाठींवर फेविकॉलचा थेंब सोड. बाजूच्या चौघांना पुढे कागदच धरून ठेवतो, त्यामुळे वाकड्या सांगाड्यावर कागद लावलास तर कंदील कायमचा वाकडा.

खळ घरचीच कर. दोन चमचे मैदा गार पाण्यात कालव, मग पेलाभर पाण्यात चकाकी येईपर्यंत मंद आचेवर शिजव. दाटच हवी, पातळ खळीने कागदाचा रंग सुटतो आणि ओला कागद बोटाबरोबर फाटतो. कागद सगळीकडून अर्धा इंच जास्त काप. खळ कामटीला लाव, कागदाला नाही. सावलीत वाळू दे. वरचा-खालचा चौकोन उघडाच ठेव. कागदी करंज्या आणि झिरमिळ्या सगळ्यात शेवटी, सांधे झाकायला.

बल्ब 5 वॉटचा एलईडी, पिवळसर उजेडाचा. पांढऱ्या उजेडात केशरी कागद मेल्यासारखा दिसतो. तो बरोबर मध्यावर, वरून साधारण सव्वासहा इंच खाली यायला हवा. कडेला सरकला तर एकाच बाजूला झगझगीत ठिपका पडतो. कंदिलाचा भार वायरवर टाकू नकोस. वरच्या चारही कोपऱ्यांना सुतळी बांधून वर एकत्र घे, वायर शेजारून सैल सोड. आणि खालून एक दोरा कठड्याला बांध, नाहीतर वाऱ्यावर गरगर फिरून वायर पिळली जाते.

तुझा,
मोहन