आमच्या नळात गटार शिरते आहे : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय, सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. कडेच्या गटारातून गेलेले नळाचे जुने पाइप मात्र होते तिथेच आहेत. ‘रस्त्याआधी पाण्याची लाइन गटाराबाहेर काढू’ असे नगरपालिकेने आम्हाला सही-शिक्क्यानिशी लिहून दिले होते. आता लाइन हलवायची तर कोरा रस्ता फोडावा लागेल, आणि तो कोणी फोडणार नाही हे तुम्हीही जाणता.

ते पत्र आम्हाला सुखासुखी मिळाले नव्हते. पावसाळ्यात गल्लीत काविळीची साथ आली तेव्हा माझी सून दिवसांत होती, सातवा सरत आला होता. डोळे हळदीसारखे पिवळे झाले, तपासणीत हिपॅटायटिस ई निघाला. हा विषाणू मैल्यातून पाण्यात येतो. एरवी माणूस काही आठवड्यांत उठून बसतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाला तर दगावण्याचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाते. सून वाचली. बाळ गेले. तिच्या माहेरच्या पाटल्या दवाखान्याच्या बिलात गेल्या, मुलगा अजून हप्ते फेडतो आहे. ती आयसीयूत असताना नगरपालिकेची रिक्षा दारावरून ओरडत जात होती, ‘पाणी उकळून प्या.’ पाणीपट्टी आम्ही भरायची, सिलिंडरही आम्हीच जाळायचा, मग नगरपालिका नेमके काय करते?

हे घडते कसे ते तुमच्या अभियंत्यांना विचारा, मी गल्लीत पाहिले ते सांगते. नळ दिवसाआड, तासभर येतो. तेवढा वेळ पाइपात दाब असतो, त्यामुळे गळती बाहेर होते. व्हॉल्व्हमनने चावी बंद केली की उताराची घरे उरलेले पाणी ओढून घेतात, वरच्या पाइपात पोकळी होते आणि ज्या भोकातून पाणी बाहेर पडत होते त्याच भोकातून गटार आत शिरते. त्यात घरोघरी थेट नळाला मोटर लावलेली. ती तर पाणी चालू असतानाही लाइनमधला दाब खाऊन टाकते. कोणाच्या नळाची नळी टाकीत बुडालेली, कोणाची फरशी पुसायच्या बादलीत. दाब गेला की ते पाणीही उलटे लाइनमध्ये. आमच्या कोपऱ्यावरच्या जोडाला सायकलची ट्यूब गुंडाळली आहे आणि तो जोड बारा महिने काळ्या पाण्याखाली असतो. नळ आला की पहिल्या बादलीला करडा फेस येतो, संडासाचा वास येतो. ती ओतून दिली की दुसरी स्वच्छ दिसते, म्हणून लोक भरतात आणि पितात.

यातले तुमच्या खात्याला नवे काय आहे? १९५५-५६ साली दिल्लीत नजफगड नाल्याचा मैला यमुनेत उलटा चढून वझिराबादला शहरासाठी पाणी उपसतात तिथपर्यंत पोचला आणि २९ हजारांवर लोकांना कावीळ झाली. तोही हाच हिपॅटायटिस ई. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीने माणसे मेली. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराचे, रुग्ण निघाले तेव्हाही बोट पाण्याकडेच गेले. केंद्राच्या १९९९ च्या पाणीपुरवठा मॅन्युअलमध्ये जलवाहिनी गटारापासून ३ मीटर दूर हवी असे छापलेले आहे. आमच्याकडे तीन बोटांचेही अंतर नाही, पाइप गटारातच आहे. मग हे मॅन्युअल कोणासाठी छापले?

साहेब, जमिनीखालच्या पाइपाचे उद्घाटन होत नाही, रस्त्याचे होते. म्हणून रस्ता आधी. निवडणुका लांबल्या तेव्हा वर्षानुवर्षे प्रशासक होते, त्यांना विचारणारे कोणी नव्हते. ठेकेदाराचे बिल निघाले, अभियंत्याची बदली झाली, आणि २० लिटरच्या जारचा धंदा गल्लोगल्ली उभा राहिला. ज्याला जार परवडतो तो जगतो. तुमच्या बैठकीत टेबलावर बाटलीबंद पाणी असते. आमच्या नळाचा एक पेला तुमच्यासमोर ठेवला तर तुम्ही तो प्याल का?

कराडशेजारच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवले आहे. लाइन सतत भरलेली आणि दाबाखाली राहिली तर गटाराला आत यायला वाटच उरत नाही. ते इथे व्हायला वेळ लागेल, मान्य. पण गटारातल्या जोडण्या वर उचलायला किती वेळ लागतो? प्रत्येक नळजोडणीला पाणी उलटे जाऊ न देणारी झडप (एनआरव्ही) बसवायला, थेट मोटर काढून घ्यायला? पाण्यातला क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट टाकीजवळ करून वहीत भरतात, ती शेवटच्या घराच्या नळावर करा, आणि तिथे क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी उरतो का ते रोज चौकातल्या फळ्यावर लिहा.

आणि आमचा रस्ता फोडा. लेखी आश्वासन असताना त्या कामाचे बिल ज्याने मंजूर केले, त्याच्याकडून तो खर्च वसूल करा. उत्तरात काम सुरू होण्याची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे नाव लिहा. ‘आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठविण्यात येत आहे’ असे पत्र नको, तसली माझ्याकडे आहेत.

आपली,
पाणीपट्टीची थकबाकी नसलेली एक नागरिक