खंदकातल्या शिपायाकडं पिस्तूल नव्हतं

संपादक साहेब, नमस्कार.

महायुद्धातल्या आपल्या जवानांचे जे व्हिडिओ हल्ली मोबाईलवर फिरतात त्यात बऱ्याचदा प्रत्येक शिपायाच्या कमरेला पिस्तूल दाखवतात आणि पोरं तेच खरं धरतात, म्हणून हे पत्र. पहिल्या महायुद्धात पिस्तूल असायचं ऑफिसरकडं, नाहीतर मशीनगनवाल्यांकडं. इंग्रजांचं वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्वर १९१५ ला आलं, सहा गोळ्यांचं, किलोभराच्या वर वजन, आणि खंदकाच्या वळणावर शत्रू एकदम पुढ्यात आला तर त्याचाच खरा उपयोग. जर्मनांकडं ल्युगर पिस्तूल होतं.

आणि साध्या शिपायाला? ली-एन्फिल्ड रायफल. साडेचव्वेचाळीस इंच लांब, वर १७ इंची पात्याची संगीन चढवली की पाच फुटांच्या पुढं जाते, आता दोन्हीकडं मातीच्या भिंती असलेल्या चरात ती फिरवायची कशी सांगा. म्हणून रात्रीच्या छाप्याला सोटे, सुरे, धार लावलेली फावडी घेऊन जायचे लोक. हातबाँब तर सुरवातीला जामच्या रिकाम्या डब्यात स्फोटक नि लोखंडाचे तुकडे भरून तिथंच बनवले, कारखान्यात बनलेला मिल्स बाँब नंतर, १९१५ ला आला. आपल्याकडं मर्दानी खेळात कट्यार, बिचवा शिकलेल्या पोरांना हे लगेच कळंल, एवढ्या जवळून लढताना लांब हत्यार आडवंच येतंय.

दुसऱ्या महायुद्धात पण तेच. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत एकटेच मशीनगनवर धावून गेले, आधी ग्रेनेड टाकला, मग टॉमीगन (हातात धरायची छोटी मशीनगन) चालवली, मॅगझिन बदलायला वेळच नव्हता तर तीच टॉमीगन नळीकडनं धरून उरलेल्या दोघांना हाणली, आणि नंतर स्नायपरच्या गोळीनं गेले. त्याच मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला इटलीतच सेनिओ नदीवर हाताला जखम झाल्यावर टॉमीगन सोडून ग्रेनेडवर काम भागवलं, बाँब संपले तर सरपटत मागं जाऊन आणखी आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक. हे वाचलं की अंगावर काटा येतो वो, आणि कॉलेजच्या पोरांना ही दोन नावं पण माहीत नसतात याचं लै वाईट वाटतं.

माझं म्हणणं एवढंच की आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये नाहीतर न्यू पॅलेसला खंदकातली ही हत्यारं नीट माहितीसकट दाखवणारं एक दालन व्हावं, निदान फोटो आणि मॉडेल तरी. सैनिक टाकळी, गडहिंग्लज भागात ज्यांच्या घरात पणजोबांची मेडल, पत्रं, डिस्चार्जचे कागद पडून आहेत त्यांना तुमच्या पेपरनं आवाहन करावं, वाळवी लागायच्या आत त्याचे फोटो तरी काढून ठेवता येतील.

एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर