माळावरच्या मामांना, मनापासून

ती. मामांना,
सा. न.

होळीला आठ दिवस असताना एक बाई आणि तिची बारा वर्षांची मुलगी दिवसभर तुमच्या मेंढरांमागे फिरत होत्या, त्या आम्ही. निघताना अंधार पडला होता, तुमची वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण, लावायची घाई होती, आणि मला नीट बोलताच आलं नाही. म्हणून हे पत्र. इतरांनीही वाचावं म्हणून उघड लिहितेय. माळ इंदापूर तालुक्यातला, एवढंच सांगते. गावाचं नाव लिहीत नाही, तुम्ही बजावलं होतंत.

त्याआधी दोनदा मी लांडगा बघायला आले होते. दोन्ही वेळा गाडी गवतात घालून, धुरळा उडवून, कुसळं कपड्यांना टोचून घेऊन परत गेले. लांडगा दिसला तो पाठमोरा, पळताना. तुम्ही पहिल्याच भेटीत गाडी रस्त्यालाच ठेवायला लावलीत आणि म्हणालात, "मेंढरात बसा. त्यो मेंढरांकडं बघतो, तुमच्याकडं न्हाई."

सकाळी गाडीवाटेच्या मऊ फुफाट्यात तुम्ही काठीच्या टोकानं एक ठसा दाखवलात. शेजारीच तुमच्या कुत्र्याचा होता. कुत्र्याचा पंजा गोल, बोटं फाकलेली. हा लांबट, मधली दोन बोटं पुढं काढलेली, आणि ठसे एका रेषेत, जणू कुणी दोरी धरून उमटवलेत. मुलीनं त्याच्याशेजारी आपला हात ठेवला. मी त्याचा फोटो काढलाय, पण तो ठसा अजून गार होता हे फोटोत येत नाही.

उन्हं वर येईपर्यंत तुम्ही काय काय दाखवलंत! पिवळ्या गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारा भोवत्या हा शिकारी पक्षी, तो आता उत्तरेला मध्य आशियाकडे निघेल, हे मी मुलीला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आमच्यावानीच, पाऊसपाणी बघून हालतो." ढेकळांच्या रंगात मिसळून गेलेली धाविक पक्ष्यांची जोडी तुम्ही बोट दाखवूनही मला पाच मिनिटं दिसली नव्हती. बांधावरच्या पळसापलीकडे तीन चिंकारा उभी होती, शेपटी सारखी हलवत. मुलगी म्हणाली, ती घाबरलीयत का? तुम्ही म्हणालात, "न्हाई, सावध हाईत."

मग दहाच्या सुमाराला सगळ्या मेंढ्यांनी चरायचं थांबून एकाच दिशेला तोंडं केली. पलीकडे टिटवी ओरडत होती. तुम्ही नुसता हात खाली केलात, "कालवा करू नगा." हजारेक फुटांवर, तरवडाच्या झुडपांशी, मातीच्याच रंगाची मादी उभी होती. मागच्या डाव्या पायानं लंगडत ती चार पावलं पुढं आली आणि झुडपातून तीन पिल्लं तिच्या तोंडाशी धावली. हिवाळ्यात जन्मलेली ती पिल्लं तिचं तोंड चाटत होती, आणि तिनं खाली मान घालून पोटातलं अन्न त्यांच्यापुढं ओकलं. मी पुस्तकात वाचलं होतं की लांडगे असं करतात. दुर्बिणीतून बघताना हात थरथरत होते, म्हणून मी ती तुमच्या हाती दिली. तुम्ही बराच वेळ डोळ्यांवरून काढलीच नाही. "डोळं पिवळं असत्यात ते ठावं हुतं," तुम्ही म्हणालात, "पर येवढ्या जवळनं न्हवतं बघितलं."

मामा, तीनच दिवसांपूर्वी तुमचं एक कोकरू गेलं होतं. ते तुम्ही दुपारी भाकरी खाताना सहज सांगितलंत, आणि माझा घास अडकला. कदाचित याच मादीनं नेलं असेल. तुम्ही म्हणालात, "तिलाबी पोरं हाईत. वर्साला दोन-चार जायाचीच." भारतभरात आता लांडगे तीन हजारांच्या आसपास उरलेत असा अंदाज आहे. ते वाघासारखे अभयारण्याच्या आत मावत नाहीत. तुमच्या शेजारच्या बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, आणि लांडगा एका रात्रीत त्याच्या हद्दीपलीकडे कितीतरी लांब जातो. तो जगतो तो चराऊ रानांवर, बांधांवर, तुमच्यासारख्यांच्या सोसण्यावर. आणि त्याच माळाला कागदावर पड म्हणतात, चर खणून तिथं झाडं लावतात, कडेनं ऊस सरकत येतो. मोकाट कुत्र्यांशी संकर होऊन लांडगा लांडगा राहत नाही, ही भीतीही खोटी नाही. पुण्याच्या आसपास असे प्राणी जनुकीय तपासणीत सापडले आहेत.

सगळ्यात मोठा आभार मात्र तुम्ही जे दाखवलं नाहीत त्याचा. पिल्लं दिसल्यावर मी उठून पुढं निघाले होते, फोटोसाठी. तुम्ही काठी आडवी धरलीत. "बाय, तिकडं न्हाई. माणसाचा वास लागला तर ती पोरं उचलून नेती, आन् वाटंत कुत्री हाईत." मुलीसमोर मला थांबवलंत, त्याबद्दल विशेष आभारी आहे. तिनं घरी येऊन चित्र काढलंय. त्यात लांडगा लहान आहे, लांब आहे, आणि पुढं सगळी मेंढरं. काठी आडवी धरलेले तुम्हीही आहात.

चित्राची एक प्रत आणि तुमच्या कुत्र्याचा फोटो पाठवतेय. नातवाला हे वाचून दाखवायला सांगा. आणि त्या लंगड्या मादीचं काय झालं, पिल्लं तिन्ही आहेत ना, तेवढं त्याला फोनवर कळवायला सांगा. मुलगी रोज विचारते.

तुमची,
मेंढरांत बसलेली बाय