पहिल्या खोप्यांच्या आठवणीसाठी हात द्या

समस्त माळीनगरकर, सासवडचे भाऊबंद आणि नोकरीधंद्यानिमित्त बाहेर असलेल्या लेकी-सुना व मुलांना सप्रेम नमस्कार.

आपल्या माळीनगरच्या साखर कारखान्याच्या स्थापनेला २०३२ साली शंभर वर्षे होतील. ती शंभरी बघायला आपल्या पूर्वजांची दप्तरे शिल्लक राहावीत म्हणून आमचे मंडळ जुन्या वह्या, फोटो आणि वस्तूंचा संग्रह एका खोलीत जमवत आहे. त्याला मदत मागण्यासाठी हे पत्र.

आपले पूर्वज म्हणजे सासवडला कऱ्हेकाठी विहिरीच्या पाण्यावर बागायत करणारी माळी घराणी. हातात कसब होते, पाणी अपुरे होते. नीरेचा डावा कालवा झाला तसे तिकडे गेले, पुढे गोदावरी-प्रवरेच्या पाटांवर गेले आणि भाटघरच्या नव्या धरणाचे पाणी उजव्या कालव्याने या बाजूला आल्यावर माळशिरसच्या माळरानावर उतरले. जमीन स्वतःची नव्हे, खंडाने घेतलेली. उसाचे बेणे, पेंड, बैल आणि कच्चीबच्ची बरोबर. पाचटाच्या खोपीत राहायचे, रात्री कंदील घेऊन उसाला पाणी द्यायला दारे धरायची, हिवतापाने फणफणत पुन्हा पाण्यावर उभे राहायचे. आमच्याकडे आलेल्या एका खतावणीत एकाच पानावर बेणे, करंजीची पेंड, बैलांचे नाल आणि हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या असा खर्च लिहिलेला आहे. अक्षर मोडी वळणाचे, कडा वाळवीने खाल्लेल्या. ते पान हातात घेतले की बोलवत नाही.

जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले. चुलवाण पेटवायलाही परवडेना. तेव्हा हात टेकण्याऐवजी या घराण्यांनी पदरचे पैसे एकत्र केले आणि १९३२ साली स्वतःची साखर कंपनी उभी केली. त्याच वर्षी सरकारने साखरधंद्याला परदेशी साखरेवरच्या जकातीचे संरक्षण दिले होते, ती संधी त्यांनी ओळखली. प्रवरानगरचा, महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू व्हायला अजून अठरा वर्षे होती! शेतकऱ्याने शेअर घेऊन कारखान्याचा मालक व्हावे, हे आपल्या आज्या-पणज्यांनी करून दाखवले.

गेल्या चार वर्षांत जे जमले ते काही थोड्यांच्या मायेमुळे. जुन्या चाळीतल्या एका आजींनी सासऱ्यांची गूळ शिजवायची काहील दिली. तळाला तीन थिगळे, पण विकायला मन झाले नाही म्हणाल्या. एका निवृत्त गुरुजींनी पेन्शनमधून दरमहा पैसे दिले, नाव छापू नका असे बजावून. कारखान्यातल्या फिटर मंडळींनी सुट्टीच्या दिवशी उसाचा जुना चरक पुन्हा जोडला, मजुरीचा एक पैसा घेतला नाही. या सगळ्यांचे ऋण मोठे आहे.

पण मनातले लिहायलाच हवे. मागच्या बैठकीची चिठ्ठी घरोघर दिली होती. आले अकरा जण. चहा उरला, सतरंज्या तशाच गुंडाळल्या. ज्यांच्या आजोबांच्या नावाचे शेअर सर्टिफिकेट आमच्या पेटीत आहे, त्यांच्यापैकीही कोणी आले नाही. वाईट वाटले.

आषाढात तुकोबांची पालखी येईल, आपल्याकडे उभे रिंगण होईल. तिकडे सासवडला माउलींचा मुक्काम, इकडे आपल्या दारात तुकोबा. दोन्ही गावे वारीने जोडलेली. त्या दिवशी वारकऱ्यांना आणि आपल्या पोरांना हा संग्रह बघता यावा अशी फार इच्छा आहे. खोलीचे पत्रे मात्र गळतात. गेल्या पावसात दोन वह्या भिजल्या.

खर्च साडेतीन लाख : पत्रे व गिलावा, तीन लोखंडी कपाटे, मोडी वाचणाऱ्याचे मानधन, फोटो स्कॅनिंग. जमा नव्वद हजार. रोख किंवा चेक मंडळाच्या नावाने, पावती जागेवर, रोज संध्याकाळी ६ ते ८ (सोमवार बंद). पैसे जमत नसतील तर जुने फोटो, वह्या, पावत्या आणा. स्कॅन करून त्याच आठवड्यात परत देऊ. पत्र्यांच्या कामाला रविवारी सकाळी माणसे हवीत, शिडी असल्यास आणावी. मृग लागण्याआधी छप्पर झालेच पाहिजे.

आपला,
सचिव